परगावचे ताट आणि आपले शेत

पावसाळा सरत आला की आमच्या वर्धा जिल्ह्यात बाहेरच्या पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. कोणी सेवाग्रामचा आश्रम पाहण्यास येतो, कोणी पवनारास धाम नदीकाठी विनोबाजींचा आश्रम पाहून बोरच्या जंगलाकडे वळतो, कोणी गिरडच्या टेकडीवर दर्शनास जातो. पुढे वेचणीचा पैसा हाती आला की आमचे शेतकरी बंधूही देवदर्शनास अगर शेतीच्या सहलीस बाहेर पडतात. आलेला पाहुणा आमच्याकडे काय जेवतो आणि बाहेर गेलेले आम्ही तेथे काय जेवतो, हा विषय शेतीच्या मासिकात कशास हवा, असे काही वाचकांस वाटेल. परंतु त्याचा आपल्या शेतातील पिकाशी निकटचा संबंध आहे, आणि तो आमच्या ध्यानात फार उशिरा आला. म्हणून प्रथम आमचीच चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी गांधी जयंतीच्या सुमारास कोकणातील एक वृद्ध दांपत्य आमच्या एका नातलगाच्या ओळखीने सेवाग्राम पाहण्यास आले व दोन दिवस आमच्या घरी राहिले. पाहुणे मोठे, तेव्हा त्यांचा मान राहावा म्हणून आम्ही शहरातून पनीरची भाजी व डब्यातले गुलाबजाम आणविले, घरी पुऱ्या तळविल्या. पाहुण्यांनी सभ्यपणे थोडेथोडे खाल्ले. संध्याकाळी त्या बाई सहज मागल्या अंगणात गेल्या. तेथे आमच्या मातोश्री चुलीपाशी बसून ज्वारीची ऊन भाकर, कण्या घालून शिजविलेली अंबाडीची भाजी, तीवर लसणाची फोडणी आणि शेजारी जवसाची चटणी असे जेवीत होत्या. बाईंनी विचारले, “आजी, हे आम्हांला का नाही वाढलं?” मातोश्री म्हणाल्या, “हे का पावन्याले वाढाचं असते का, माय?” बाई तेथेच पाटावर बसल्या आणि अर्धी भाकर मागून घेतली, मग दुसरी अर्धी. त्यांचे यजमानही येऊन बसले. रात्री पनीर तसेच उरले. पाहुण्यांनी भेट म्हणून घरची आमसुले आणली होती. आम्ही मात्र त्यांच्यापुढे घरचे असे काहीच ठेवले नव्हते.

मातोश्रींच्या त्या प्रश्नात सगळे आले. आपले रोजचे अन्न पाहुण्यास वाढण्याजोगे नाही, ही समजूत आपल्यात कोठून आली? रसेल साहेबांनी १९०६ साली या जिल्ह्याचे जे गॅझेटियर तयार केले, त्यात कापूस व ज्वारी हीच येथील मुख्य पिके आणि ज्वारी हेच लोकांचे मुख्य अन्न असे नमूद आहे. पाटील असो की सालदार, भाकर दोघांच्याही ताटात होती. गव्हाची पोळी सणावाराची, आणि भात पाहुण्यापुरता. पुढे स्वस्त धान्याच्या दुकानांतून गहू व तांदूळ मिळू लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते किलोस दोन व तीन रुपयांनी, आणि २०२३ पासून फुकट मिळू लागले. गरिबाच्या पोटाचा प्रश्न त्याने हलका झाला, यात शंका नाही. परंतु गव्हाची पोळी रोजची होताच भाकर ही मागासलेपणाची खूण ठरली. हुद्देदार आला, व्याही आला, मुलीस पाहण्यास मंडळी आली की ज्वारीचा डबा झाकून ठेवावयाचा, हा जणू शिष्टाचारच होऊन बसला.

आता शेतात काय झाले ते पाहा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आमच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पसरले आणि कापूस, सोयाबीन व तूर या तिघांनी मिळून जवळजवळ सर्व शिवार व्यापले. ज्वारी मागे पडण्यास कारणे अनेक आहेत व ती खोटी नाहीत. कणसावर पाखरे पडतात, रानडुकरे व रोही ताटे मोडतात, कापणीस माणूस मिळत नाही. भावाचे म्हणावे तर २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने संकरित ज्वारीचा आधारभाव क्विंटलास ३३७१ रुपये व सोयाबीनचा ४८९२ रुपये ठरविला. कागदावरचे हे अंतर पाहून कोण ज्वारी पेरील? पण या हिशेबात कडबा धरलेला नसतो. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा विकत घेऊन गाय सांभाळणे परवडेना, म्हणून आर्वी, आष्टी व कारंजा भागाची शान असलेली गवळाऊ गाय कमी झाली. गाय कमी झाली तसे शेणखत कमी झाले. जवसाचीही तीच गत. पूर्वी नागपूर-वर्ध्याकडे रब्बीत जवस हे पैशाचे पीक होते. आता चटणीपुरते दोन पायली जवस मिळवावयाचे तर बाजारभर फिरावे लागते. अन्न ताटातून उठले की शेतातून उठण्यास फार दिवस लागत नाहीत, आणि शेतातून एकदा बियाणे गेले म्हणजे ते परत आणणे फार कठीण.

येथे कोणी म्हणेल की प्रवाशास भाकर हवी असेल तर सडकेवरची उपाहारगृहे ती का ठेवीत नाहीत? त्याचे कारण पिठातच आहे. गव्हाच्या कणकेत चिकट सत्त्व असते, ते ताणले जाते. म्हणून कणीक सकाळी मळून दिवसभर लाटता येते. ज्वारीत ते नाही. म्हणून आमच्या बायका पिठात आधणाचे पाणी घालतात. गरम पाण्याने पिठातील पिष्ट शिजून थोडा चिकटपणा धरते आणि मग ते हातावर थापता येते. पीठ जुने झाले की विरी जाते आणि भाकरीच्या कडा फाटतात. म्हणजे दळण ताजे हवे, थापणारा हात सरावाचा हवा, आणि भाकर तव्यावरून उतरताच ताटात पडली पाहिजे. शंभर गिऱ्हाइकांच्या खानावळीस हे जमत नाही. तिला साठवणीचे पीठ व तयार रस्सा सोयीचा. यास्तव गिऱ्हाईक मागत नाही तोपर्यंत कोणी भाकर करणार नाही, आणि केली जात नाही म्हणून कोणी मागत नाही, असे हे चक्र आहे. ते मोडण्याचे सामर्थ्य खानावळवाल्याहून जेवणाऱ्याच्या अंगी अधिक आहे.

अलीकडे मात्र ‘अस्सल वऱ्हाडी जेवण’ अशा पाट्या सडकेला पुष्कळ दिसू लागल्या आहेत. अशा एका ठिकाणी आम्ही गेलो असता बाटलीतील ठेचा, आदल्या दिवशीची भाकर आणि सर्व भाज्यांवर एकच लाल तर्री असा प्रकार मिळाला. भिंतीवर बैलगाडीचे चाक टांगलेले होते, हे सांगावयास नको. महसुली दप्तरात आयुष्य गेल्यामुळे आमचे लक्ष प्रथम ‘वऱ्हाडी’ या शब्दाकडेच जाते. वर्धा नदी ही जुनी हद्द आहे. तिच्या पश्चिमेस वऱ्हाड, ते निजामाचे आणि १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात; पूर्वेस आम्ही, नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले, १८५४ साली खालसा झालेले. नदीच्या दोन्ही तीरांवर भाकर तीच, वांगे तेच, हे खरे. परंतु पाटी लावणाऱ्याने निदान आपण कोणत्या काठावर उभे आहोत एवढे तरी पाहावे. तीच गोष्ट सावजी जेवणाची. ते मूळ नागपूरच्या विणकर कोष्टी समाजाच्या घरचे. मसाला वाटण्याची त्यांची रीत निराळी व तिचा अभिमान त्यांनी बाळगावा हे योग्यच. पण परप्रांतीय पाहुणा सावजी रस्सा खाऊन डोळ्यांत पाणी आणतो आणि विदर्भातला प्रत्येक शेतकरी रोज असेच जेवतो असे समजून परत जातो. शेतकऱ्याच्या घरी रोज वरण, भाकर, भाजी, तोंडी लावण्यास मिरची; तिखटाचा एवढा पराक्रम रोज कोणासच झेपणार नाही.

उलट दुसरा गैरसमज असा की सेवाग्रामच्या आश्रमातील जेवण हेच वर्ध्याचे जेवण. तेही बरोबर नाही. गांधीजी १९३६ साली शेगाव येथे राहावयास गेले. त्या गावास १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. आश्रमाच्या पंगतीत मसाल्यांस फाटा होता. उकडलेली भाजी, पालेभाजी, फळे, दूध, हातसडीचा तांदूळ यांवर भर असे. लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार १९४२ च्या जून महिन्यात तेथे आठवडाभर राहिले व त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. तीच ती शिजलेली भाजी खाऊन ते कंटाळले, तेव्हा मीठ व लिंबू घेण्याचा सल्ला गांधीजींनी त्यांस दिला, असे त्यांनीच सांगितले आहे. हा व्रतस्थाचा आहार होता, कुणब्याच्या घरचा नव्हे. तथापि त्या आश्रमाने व त्याच्या शेजारच्या संस्थांनी एक गोष्ट अशी शिकविली की जी आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे ठाणे झाले. जे. सी. कुमारप्पा तेथे बसून घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ व मधमाशा यांचे प्रयोग करीत आणि लोकांस शिकवीत. १९३८ च्या डिसेंबरात तेथे मगन संग्रहालय उघडले. विकत घेणारा माणूस आपल्या एका आण्याने कोणता तरी धंदा जगवितो व कोणता तरी मारतो, तेव्हा वस्तू कोठून व कशी आली याची जबाबदारी घेणाऱ्यावरही आहे, असा कुमारप्पांच्या अर्थशास्त्राचा आशय होता. प्रवासी माणूस दिवसांतून दोनदा जेवण विकत घेतो. त्याच्या इतके हे सूत्र कोणास लागू पडेल?

आता आपण प्रवासी होतो तेव्हाचे बोलू, कारण दोष काढावयाचा तर तो सर्वांत आपल्याच पदरात पडतो. यात्रेच्या मोटारी हल्ली ‘सर्वत्र आपल्या पद्धतीचे जेवण’ अशी जाहिरात करतात व आचारी सोबत नेतात. आमची मंडळी काशीस जाऊन झुणका खातात, जगन्नाथपुरीस जाऊन पोहे खातात, आणि परत येऊन सांगतात की सर्व देश पाहिला. पथ्याचा माणूस असेल तर गोष्ट निराळी. पण धडधाकट शेतकऱ्याने असे करणे म्हणजे स्वतःचे नुकसान आहे. कारण परमुलखातले ताट हा त्या मुलखाचा सातबाराच असतो. पीकपाणी त्यात लिहिलेले असते, वाचणारा हवा.

कोकणात आम्ही प्रथम गेलो तेव्हा तेथेही तुरीचे वरण व पोळीच मागितली, हे आता सांगताना लाज वाटते. तेथील तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले व सोलकढी जर तेव्हाच नीट खाल्ली असती तर पाहिले असते की जेथे पाऊस धो धो कोसळतो व जमीन तांबडी आणि उताराची, तेथे ज्वारी उभी राहत नाही. भाताच्या मागून ओलीवर कुळीथ येतो, आणि आंबटासाठी रानातला कोकम हाताशी असतो. खानदेशात कळण्याची भाकरी खावी. ज्वारीत उडीद दळून ती करतात, त्यामुळे पिठास चिकटपणा येतो आणि अंगासही बळ मिळते. हे आमच्याकडे सहज करण्याजोगे आहे. सोलापुराकडे रब्बीच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी करतात. पातळ थापून व पूर्ण वाळवून ती कित्येक दिवस टिकविता येते, म्हणून ती पेटीत बांधून दूरच्या गावी विकावयास जाते. आमची ज्वारी खरिपाची. तिला ऐन पिकताना पाऊस लागला तर दाणा काळा पडतो. मालदांडीचा शुभ्र दाणा व तिची भाकर पाहिली म्हणजे भावातला फरक कोठून येतो ते व्याख्यानाशिवाय कळते. पंजाबात सहलीस गेलेल्या आमच्या मित्रांनी थंडीत मक्याची रोटी व मोहरीचा पाला खाल्ला आणि आल्यावर प्रथम विचारले की आपण हरभऱ्याचा पाला खुडून वाळवीत होतो तो का सोडला? अशा प्रश्नासाठी सहलीचा खर्च करावयाचा असतो.

स्थानिक अन्न खाण्याच्या गोष्टीस आणखी एक बाजू आहे व ती टाळून चालणार नाही. आपले वाडवडील प्रवासात शिदोरी बांधून नेत. त्यात काटकसर होती, तसाच विटाळाचा धाकही होता. कोणाच्या हातचे पाणी चालते व कोणाचे नाही, यावर त्यांचा मार्ग ठरे. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले केले, ही आमच्या जिल्ह्याची भूषणास्पद गोष्ट. तथापि देवळाचे दार उघडणे आणि त्या बांधवांच्या चुलीपाशी बसून जेवणे यांत अंतर आहे, व ते अंतर अद्याप पुष्कळांनी ओलांडलेले नाही. आमच्या नोकरीच्या काळात दौऱ्यावर असताना गावच्या दोन टोकांस दोन तऱ्हेची भाजी शिजते हे आम्ही पाहिले. रानातला तरोटा, चिवळ, काटवल, बांधावरच्या भाज्या यांची खरी माहिती ज्यांच्या घरी होती, त्यांच्या घरी अधिकारी जेवत नसत. त्यामुळे ‘आमच्या जिल्ह्याचे जेवण’ म्हणून जे लिहिले जाते ते अर्ध्याच गावाचे असते. पाहुण्यास अस्सल काही दाखवावयाचे तर उरलेल्या अर्ध्या गावासही विचारावे लागेल, आणि त्याचा मोबदला त्या घरी पोचावा लागेल.

परगावी जेवण मागावे कसे, याचीही एक रीत आहे. पाटीवर काय आहे ते न विचारता ‘आज तुमच्या घरी काय शिजले’ असे खानावळवाल्यास विचारावे. पुष्कळदा तो संकोचतो, कारण स्वतः भाकर-भाजी जेवूनच तो आम्हांस पनीर वाढीत असतो. दोनदा आग्रह केला की तीच थाळी आणतो. जे ऋतूत नाही ते मागू नये; वैशाखात कोणी ताजे सोले मागेल तर त्यास गोठविलेले मिळतील. पाणी उकळलेले घ्यावे, कापून ठेवलेली फळे व शिळा रस्सा टाळावा. स्थानिक अन्नाच्या प्रेमाने पोट बिघडवून घेण्याचे कारण नाही. आणि घरगुती जेवणास भाव करू नये. शहरातील चहाफराळास मुकाट्याने पैसे मोजणारा माणूस खेड्यातील बाईने भल्या पहाटे दळून, थापून वाढलेल्या भाकरीवर घासाघीस करतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पाहुण्यापुढे ठेवण्याजोगे आपल्याकडे काय आहे, याची वाचकांनी एकदा घरच्या वृद्ध बायांपाशी बसून मोजदाद करावी. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांचा भात, सांबाराच्या वड्या, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, त्यांच्याबरोबर वांग्याची भाजी व वरण. उन्हाळ्यात आंब्याच्या रसाबरोबर सरगुंडे. कढीगोळे व वडाभात तर बारमाही. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्या तालुक्याबाहेर आमच्याच जिल्ह्यात किती घरी ती हळद वरणात पडते? वर्ध्यात येणारा पाहुणा गोरस भांडाराचा गोरसपाक आठवणीने नेतो. तसाच तो पावशेर हळद व शेरभर जवसही नेईल, जर ताटात त्याने ती आधी चाखली असेल तर. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषि-पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यापासून शेतावर पाहुणे ठेवण्याचा विचार आमच्या काही मित्रांच्या मनात घोळत आहे. त्यांस आमचे सांगणे असे की खोल्या बांधण्यापूर्वी पेरणीचा विचार करावा, आणि प्रारंभ हुरड्यापासून करावा.

हुरडा म्हणजे कणसाचा दाणा दुधातून चिकात आल्यावर भाजून खाणे. ही अवस्था आठ-दहा दिवसच टिकते. त्यापुढे दाणा टणक होतो. साध्या संकरित ज्वारीचा हुरडा गोड लागत नाही व त्याचा कोंडाही सुटत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘पीडीकेव्ही कार्तिकी’ हा वाण काढला आहे, तो आमच्या खरिपास योग्य. सर्व पेरणी एकदम न करता पाऊस बसताच अर्धी व आठ दिवसांनी अर्धी करावी, म्हणजे पाहुण्यांस दोन खेपांस हुरडा मिळेल. मात्र दुसरी पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापुढे नेऊ नये. उशिराच्या ज्वारीवर खोडमाशी फार पडते व पोंगे मरतात. एकरास चार किलो बी पुरते.

सर्वांत मोठी अडचण पाखरांची. चहूकडे सोयाबीन व मध्ये एकट्याची पाच-सहा तासे ज्वारी असली की सर्व शिवारातील पाखरे तेथेच उतरतात आणि हुरड्यास कणीस उरत नाही. यास्तव लागून असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मृगापूर्वीच बसून ठरवावे व बांधाला बांध लावून अर्धा-अर्धा एकर ज्वारी एकाच वेळी पेरावी. पाखरे वाटून जातात, राखणीस पाळी लावता येते, आणि कडबा चौघांच्या गोठ्यांत पडतो. आमच्या गावी यंदा तिघे तयार आहेत. चौथ्याच्या शेतात गेल्या वर्षी रोह्यांनी फार नासाडी केली, म्हणून तो कुंपणाचा खर्च कोणी व किती उचलावयाचा हे ठरण्याची वाट पाहत आहे.